उसना मायनस: अधूनमधून बाहेर जाणाऱ्या डोळ्याचे एक प्रकरण

ईरा तपासणीच्या खोलीत आली तेव्हा तिचे दोन्ही डोळे अगदी सरळ होते. टॉर्च दाखवला, सरळ. खेळणे हलवले, दोन्ही डोळे त्याच्या मागोमाग नीट फिरले. आईचा चेहरा मात्र पडत चालला होता. "डॉक्टर, घरी जातो हो डोळा. खरंच जातो. इथे आलं की कसा सरळ राहतो कोण जाणे!" मग तिने मोबाइल पुढे केला. व्हिडिओत दिवेलागणीची वेळ होती. मुलगी खिडकीबाहेर बघत बसली होती आणि तिचा डावा डोळा हळूच कानाकडे सरकला होता. आईने हाक मारली, मुलगी वळली, पापण्या मिटून उघडल्या आणि डोळा पुन्हा जागेवर आला.

तपासणीतल्या पुष्कळ गोष्टींपेक्षा त्या व्हिडिओने मला जास्त सांगितले. अधूनमधून बाहेर जाणारा डोळा, म्हणजे इंटरमिटंट एक्सोट्रोपिया, हा मुळात लपंडाव खेळणारा तिरळेपणा आहे. मूल सावध असले, समोर नवे माणूस असले, जवळचे काही बघत असले की मेंदू दोन्ही डोळ्यांना धरून ठेवतो. मूल थकले, आजारी पडले, तंद्रीत गेले किंवा लांब कुठेतरी बघू लागले की पकड सुटते. दवाखान्यात सरळ दिसला म्हणून "काही नाही, आईला भास होतोय" असे सांगून परत पाठवलेली मुले कमी नाहीत. म्हणून व्हिडिओ आणायला सांगावे, आणि आणला तर तो नीट बघावा.

(ईरा हे नाव खरे नाही, आणि ती कुणी एक मुलगीही नाही. शिकण्या-शिकवण्यासाठी हे प्रकरण बांधले आहे. जिथे अभ्यासांचे आकडे येतील ते मात्र प्रसिद्ध झालेले आहेत.)

पहिल्या भेटीत तिचे वय होते 4 वर्षे 3 महिने. डोळा कधीपासून जातो, हे आईला नक्की सांगता येईना. मी जुने फोटो चाळायला सांगितले. दीड वर्षाच्या वयातल्या एका फोटोत फ्लॅशचा ठिपका उजव्या बाहुलीच्या मधोमध होता, डाव्या डोळ्यात मात्र तो नाकाच्या बाजूला सरकला होता. म्हणजे सुरुवात तेव्हाच झालेली. आणखी एक गोष्ट आईने जाता जाता सांगितली, तिला ती महत्त्वाची वाटली नव्हती: उन्हात गेली की ईरा एक डोळा मिटते. हे या आजाराचे जवळपास ओळखपत्रच. उन्हात एक डोळा बारीक करणारे मूल दिसले की कव्हर टेस्ट (डोळे आळीपाळीने झाकून ते हलतात का ते बघणे) केल्याशिवाय त्याला सोडू नये.

धोक्याच्या खुणांवर फार वेळ घालवत नाही, पण त्या पाहिल्याच पाहिजेत. डोळा सतत बाहेरच असणे, बाळ एक वर्षाच्या आतले असणे, बाहुलीत पांढरी चमक दिसणे, पापणी लोंबणे, तिरळेपणा अचानक सुरू होणे, यांपैकी काही असते तर चष्म्याचा विचार बाजूला ठेवून आधी दुसरीकडे बघावे लागले असते. ईरामध्ये यांतले काही नव्हते. पडदा आणि नस दोन्ही ठीक होत्या.

चित्रांच्या तक्त्यावर दोन्ही डोळ्यांची नजर 6/9 आली, या वयाला ती चांगली. दोन्ही डोळ्यांत फरक नाही, म्हणजे आळशी डोळा नाही. 6 मीटरवर प्रिझम लावून मोजलेला बाहेरचा कोन 25 प्रिझम डायॉप्टर (तिरळेपणाचा कोन मोजायचे एकक) होता, जवळच्या अंतरावर 18. एका डोळ्यावर 45 मिनिटे पट्टी ठेवून पुन्हा मोजले तर जवळचा कोन 23 झाला. पट्टीआधीचा लहान आकडा मेंदूच्या पकडीमुळे होता, पकड सैल केल्यावर खरा कोन उघडा पडला. जवळची त्रिमितीय दृष्टी 100 सेकंद (हे सेकंद वेळेचे नव्हेत, कोनाचे; आकडा लहान तितकी दृष्टी चांगली), चार वर्षांच्या मुलीला हरकत घेण्याजोगी नाही.

आता मुख्य गोष्ट, नियंत्रण. या आजारात कोन किती आहे यापेक्षा तो किती वेळ आणि किती सहज सुटतो, हे मला जास्त महत्त्वाचे वाटते. 25 चा कोन असलेली दोन मुले असतात. एकाचा डोळा महिन्यातून दोनदा जातो, दुसऱ्याचा जेवतानाही जागेवर नसतो. प्रिझमच्या आकड्यावर दोघे सारखे, पण उपचार सारखा कसा असेल? म्हणून 0 ते 5 असा कंट्रोल स्कोअर वापरतात. मुलाला 30 सेकंद दूरचे काहीतरी बघायला लावायचे आणि आपण नुसते बघत बसायचे. डोळा सगळा वेळ बाहेरच असेल तर 5. निम्म्यापेक्षा जास्त वेळ बाहेर असेल तर 4, निम्म्यापेक्षा कमी वेळ असेल तर 3. आपणहून गेलाच नाही तर एक डोळा 10 सेकंद झाकायचा, उघडायचा आणि परत यायला किती वेळ लागतो ते मोजायचे. 5 सेकंदांहून जास्त लागले तर 2, 1 ते 5 सेकंद लागले तर 1, सेकंदाच्या आत परतला तर 0. हे झाकणे-उघडणे तीनदा करायचे आणि त्यातला सर्वांत वाईट निकाल धरायचा.

सोपे वाटते, पण त्यात एक खोच आहे. त्याच दिवशी, त्याच मुलाचा, अर्ध्या तासाच्या अंतराने घेतलेला स्कोअर वेगळा येऊ शकतो. एकदाच मोजून "सुधारले" किंवा "बिघडले" म्हणणे म्हणजे लाटेकडे बघून भरती-ओहोटी ठरवणे. म्हणून एकाच भेटीत ही सगळी चाचणी तीनदा करून तीन स्कोअरची सरासरी काढायची. ईराची पहिल्या भेटीतली दूरची सरासरी 2.3 होती, जवळची 1.

नंबर बघायला फोकस सैल करणारे थेंब टाकूनच तपासणी केली. या वयात थेंबांशिवाय काढलेल्या नंबरावर माझा विश्वास नाही. मुलाच्या डोळ्यातले भिंग इतके लवचीक असते की यंत्रात बघता बघता ते फोकस करते आणि खोटा मायनस दाखवते. थेंबांनंतर उजवा +0.50, डावा +0.75 आला. याला चष्मा लागत नाही. मुलाला खरोखरचा मायनस किंवा मोठा तिरका नंबर (सिलिंडर) असता तर आधी तोच द्यायचा असतो, कारण चित्र स्वच्छ झाले की पुष्कळदा पकडही सुधारते. ईराच्या बाबतीत तो मार्ग नव्हता.

पहिल्या भेटीत मी काहीच उपचार दिला नाही. वडिलांना हे पटले नाही, तसे त्यांनी बोलूनही दाखवले. पण 3 ते 10 वर्षांच्या मुलांना उपचार न करता 3 वर्षे नुसते बघत राहिलेल्या एका अभ्यासात ठरवून दिलेल्या निकषाने बिघडणाऱ्यांचे प्रमाण सुमारे 15 टक्के निघाले होते. म्हणजे पुष्कळ मुले जिथल्या तिथे राहतात. घाई करण्यासारखे कारण असल्याशिवाय घाई करू नये. आई-बाबांना वहीत रोजची नोंद ठेवायला सांगितली. दिवसातून अंदाजे किती वेळा जातो, कधी जातो आणि हाक मारल्यावर लगेच येतो की नाही, एवढेच.

चार महिन्यांनी वही भरून आली. नोंदी वाढत गेल्या होत्या. सुरुवातीला "संध्याकाळी दोनदा" असे होते, शेवटच्या पानांवर "सकाळपासून, मोजले नाही". दूरचे स्कोअर आले 3, 4 आणि 3. सरासरी 3.3. कोन तसाच, 25. कोन हललाही नव्हता आणि पकड मात्र ढिली झाली होती, मघाशी म्हटले ते हेच. शाळेत एका मुलाने तिला विचारले होते, "तू माझ्याशी बोलतेस की त्याच्याशी?" ईराला त्यात काही वाईट वाटले नाही. आईला वाटले.

आता काय करायचे? शस्त्रक्रिया हा एक पर्याय. दोन्ही डोळ्यांना बाहेर ओढणारे स्नायू मागे नेऊन बसवायचे, किंवा एकाच डोळ्याचा बाहेरचा स्नायू मागे नेऊन आतला आखूड करायचा. 3 ते 10 वर्षांच्या मुलांमध्ये या दोन पद्धतींची तुलना झाली तेव्हा 3 वर्षांच्या शेवटी पहिल्या पद्धतीत 46 टक्के आणि दुसऱ्या पद्धतीत 37 टक्के मुलांचा निकाल समाधानकारक नव्हता. शस्त्रक्रिया वाईट, असा याचा अर्थ नाही. पण "एकदा केली की झाले" असे कुणी सांगत असेल तर त्याला हे आकडे विचारावेत. शिवाय साडेचार वर्षांच्या मुलाचा डोळा शस्त्रक्रियेने गरजेपेक्षा जास्त आत आला आणि तसाच राहिला, तर आजवर जपलेली त्रिमितीय दृष्टी गमावण्याची आणि डोळा आळशी होण्याची भीती असते. मोठ्या मुलात हा धोका तुलनेने सुसह्य असतो.

दुसरा पर्याय पट्टीचा. रोज 3 तास पट्टी लावलेली मुले आणि काहीच न केलेली मुले यांची तुलना करणाऱ्या अभ्यासात 6 महिन्यांनी बिघडण्याचे प्रमाण पट्टी नसलेल्या गटात सुमारे 6 टक्के होते, पट्टीच्या गटात एका टक्क्याहूनही कमी. फरक आहे, पण मुळात दोन्ही आकडे लहानच. ईराने पट्टी दोन दिवस लावली आणि तिसऱ्या दिवशी ती बाहुलीच्या डोळ्यावर चिकटलेली सापडली.

राहिला चष्मा.

"नंबर नाही म्हणता, आणि चष्मा देता?" ईराच्या वडिलांचा प्रश्न रास्त होता. मी त्यांना समजावले ते असे. जवळचे बघताना डोळ्यात दोन गोष्टी एकदम होतात. आतले भिंग फुगते आणि दोन्ही डोळे आत वळतात. या दोन क्रिया म्हणजे एका जुवाखालचे दोन बैल, एक पुढे निघाला की दुसऱ्याला पाऊल टाकावेच लागते. आपण चष्म्यात गरजेपेक्षा जास्त मायनस घातला तर दूरचे बघतानाही भिंगाला फुगावे लागते, आणि त्याबरोबर डोळे थोडे आत ओढले जातात. बाहेर जाणाऱ्या डोळ्याला तेवढाच आधार मिळतो. याला ओव्हरमायनस चष्मा म्हणतात.

आधार किती मिळेल, हे आधी मोजता येते आणि मोजावेच. ईराच्या डोळ्यांपुढे −2.00 चे भिंग धरून दूरचा कोन पुन्हा मोजला, तो 25 वरून 17 वर आला. दोन डायॉप्टरला (भिंगाच्या नंबराचे एकक) आठ, म्हणजे एका डायॉप्टरला चार. हेच एसी/ए गुणोत्तर. या हिशेबाने −2.50 ला दहाचा फरक पडायला हवा. उरलेला 15 चा कोन तिच्या मेंदूने स्वतःच्या पकडीने सांभाळायचा. इथे एक गैरसमज नेहमी होतो. हा चष्मा डोळा सरळ "करत" नाही. ओझे कमी करतो, आणि उरलेले ओझे उचलायला पकड लागतेच. जिच्यात पकडच नाही, जिचा डोळा दूर आणि जवळ कायम बाहेर आहे, तिला हा चष्मा देऊन फारसे हाती लागत नाही.

"मग तिच्या डोळ्यांवर ताण नाही येणार?" आईने विचारले. लहान मुलाच्या डोळ्याची फोकस करण्याची ताकद दहा-बारा डायॉप्टरच्या पुढे असते. एक तृतीयांश मीटरवरचे पुस्तक बघायला तीन डायॉप्टर लागतात, त्यात आपले अडीच मिळवले तर साडेपाच. पेलते. चाळिशीच्या माणसाला हाच चष्मा दिला तर तो दुसऱ्या दिवशी परत आणून देईल.

मग मी त्यांना ती गोष्ट सांगितली जी सांगायची राहून जाते, किंवा घाईत एका वाक्यात उरकली जाते. हा नंबर उसना आहे. कधीतरी तो परत करावा लागतो.

"आणि व्याज?" वडील म्हणाले. गंमत म्हणून म्हणाले असतील, पण शब्द नेमका होता.

व्याज आहे. या उपचाराचा सर्वांत मोठा अभ्यास अमेरिकेतल्या पेडिॲट्रिक आय डिसीज इन्व्हेस्टिगेटर ग्रुपने केला आणि तो 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. 3 ते 10 वर्षांची 386 मुले होती. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले. एका गटाला 12 महिने −2.50 चा ओव्हरमायनस, मग 3 महिने −1.25, मग 3 महिने काहीच जादा नाही. दुसऱ्या गटाला जादा मायनस नसलेला चष्मा. 12 महिन्यांनी दूरच्या नियंत्रणाचा सरासरी स्कोअर ओव्हरमायनसवाल्यांचा 1.8 आणि दुसऱ्या गटाचा 2.8. चष्मा काम करतो, यात शंका राहिली नाही. पण 18 महिन्यांनी, जादा मायनस काढून घेतल्यानंतर, आकडे आले 2.4 आणि 2.7. हा फरक योगायोगानेही पडू शकतो इतका लहान. म्हणजे चष्मा डोळ्यावर आहे तोवर फायदा, उतरवला की बहुतेक फायदाही उतरतो. आणि व्याज ते हे: पहिल्या 12 महिन्यांत ओव्हरमायनस गटातल्या 17 टक्के मुलांचा खरा नंबर एक डायॉप्टरहून जास्त मायनसकडे सरकला, दुसऱ्या गटात फक्त 1 टक्का मुलांचा.

असे का होते, त्याचा तर्क असा. मायनस भिंगामुळे प्रतिमा पडद्याच्या मागे जाते. मूल पूर्ण फोकस करते तोवर ठीक, पण थोडे कमी पडले तर ती मागेच राहते. वाढत्या डोळ्याला हा लांब होण्याचा, म्हणजेच मायनस वाढण्याचा, इशारा असतो. प्राण्यांच्या पिल्लांना मायनस भिंगे लावून केलेल्या प्रयोगांत त्यांचे डोळे खरेच लांब झाले. आणि लांब झालेला डोळा पुन्हा आखूड होत नाही.

ईराच्या आईला स्वतःला −3 चा चष्मा होता. ही नोंद पहिल्या दिवसापासून माझ्या कागदावर होती आणि त्या दिवशी ती मला बोचली. आई किंवा वडिलांना मायनस असेल तर मुलाला तो येण्याची शक्यता वाढते. अशा घरात आपण हाताने आणखी एक ढकल द्यायची का? मी सांगून टाकले की याचे पूर्ण खात्रीचे उत्तर माझ्याकडे नाही. शस्त्रक्रियेला आई-बाबा त्या वेळी तयार नव्हते, आणि मलाही साडेचार वर्षे हे वय लवकरच वाटत होते. नुसते बघत राहावे तर चार महिन्यांत 2.3 चे 3.3 झाले होते. शेवटी ठरले: एक वर्षासाठी चष्मा, दर सहा महिन्यांनी थेंब टाकून खरा नंबर तपासायचा, आणि एक डायॉप्टर सरकला तर त्याच दिवशी थांबायचे. चष्मा सुरू करतानाच थांबायची रेघ आखून ठेवलेली बरी. नाहीतर छान सरळ दिसणारे डोळे बघून आपलाच हात थांबायला कचरतो.

थेंबांनंतरच्या नंबरात −2.50 मिळवले, उजवा −2.00, डावा −1.75. चौकट नाकावर घट्ट बसणारी, मागे पट्टा असलेली. मुलांचे चष्मे नाकाच्या शेंड्यावर घसरतात आणि मूल वरून बघत राहते, मग सगळा हिशेब वाया.

पहिले दहा दिवस तक्रारी. "डोकं दुखतं," "सगळं बारीक दिसतं." जास्त मायनसमधून वस्तू खरोखरच किंचित लहान दिसतात, त्यामुळे दुसरी तक्रार तिने नेमकी केली होती. दोन आठवड्यांत दोन्ही गेल्या. आठ आठवड्यांनी चष्म्यासह दूरचे स्कोअर 2, 1 आणि 2, सरासरी 1.7. आई रडायलाच आली. मी तिथेच, त्याच खुर्चीत, चष्मा काढून पुन्हा मोजले: 3. आईचा आनंद मोडायला नव्हे. श्रेय नेमके कुणाचे, हे सगळ्यांना दिसायला हवे होते.

मग सातव्या महिन्यात घोळ झाला, आणि त्यात माझाही वाटा होता. चष्मा तुटला. घरच्यांनी दुसरीकडे नवा करून घेतला. तिथे कंप्युटरवर, थेंबांशिवाय, नंबर तपासला गेला, −0.75 आला, आणि "आधीच्या डॉक्टरांनी चुकून फार जास्त नंबर दिलाय, मुलीचे डोळे खराब होतील" असे सांगून −0.75 चा चष्मा दिला गेला. पंधरा-वीस दिवसांत डोळा पुन्हा दिवसभर जाऊ लागला. आई घाबरून आली, "डॉक्टर, चष्म्याचा उपयोग संपला का?" मी चष्मा लेन्सोमीटरवर, म्हणजे भिंगाचा नंबर मोजणाऱ्या यंत्रावर, ठेवला आणि उलगडा झाला.

चष्मा करून देणाऱ्याला दोष देणे सोपे आहे, पण त्याच्या जागी कुणीही असते तर तसेच वाटले असते. +0.50 चा डोळा आणि समोर −2.00 चा कागद. माझ्या कागदावर फक्त आकडे होते, ते मुद्दाम दिले आहेत हे कुठेच लिहिले नव्हते. तेव्हापासून मी असा चष्मा लिहून देताना खाली ठळक अक्षरांत लिहिते: "तिरळेपणासाठी मुद्दाम दिलेला जादा मायनस. नंबर बदलू नये. थेंबांनंतरचा खरा नंबर अमुक." खरा नंबर लिहिणे विशेष गरजेचे. एरवी पाच वर्षांनी ते कुटुंब "हिला लहानपणी मायनस दोन होता" असेच सांगत राहील, आणि पुढचा डॉक्टर त्यावर हिशेब करेल. त्या तीन आठवड्यांतून एक गोष्ट मात्र न मागता कळली. आधार काढला की काय होते, त्याची रंगीत तालीमच झाली होती.

जुना नंबर परत दिल्यावर नियंत्रण आठवड्याभरात 1.7 च्या आसपास आले. या घोळाआधी, सहा महिन्यांच्या थेंबांच्या तपासणीत खरा नंबर उजवा +0.25, डावा +0.50 होता. पाव डायॉप्टर सरकला होता, इतका फरक मोजण्यातही पडतो. बारा महिन्यांनी, वय 5 वर्षे 7 महिने, चष्म्यासह दूरची सरासरी 1.3. त्रिमितीय दृष्टी 60 सेकंद. याचे श्रेय चष्म्याला द्यायचा मोह झाला, पण मुले मोठी होताना या चाचणीत तशीही सुधारतात, म्हणून तो आवरला. खरा नंबर उजवा −0.25, डावा 0. म्हणजे वर्षभरात पाऊण डायॉप्टर, त्यातला अर्धा डायॉप्टर शेवटच्या सहा महिन्यांत. आखलेल्या रेघेच्या अलीकडे, पण रेघ दिसू लागली होती.

"इतकं छान चाललंय तर आणखी एक वर्ष ठेवूया ना?" हे आता वडील म्हणत होते, तेच वडील ज्यांना चष्मा नको होता. मी नाही म्हटले. आईचा −3, मुलीचा वर्षभरात पाऊण. व्याज वाढत होते. अभ्यासात वापरला होता त्याच उतरणीने जायचे ठरले: खऱ्या नंबरावर −1.25, म्हणजे उजवा −1.50, डावा −1.25, तीन महिने. मग तीन महिने जादा काहीच नाही, आणि खरा नंबर इतका लहान असल्याने चष्माच नाही.

पहिल्या टप्प्यात सरासरी 1.3 ची 2 झाली. चष्मा पूर्ण सुटल्यानंतर तीन महिन्यांनी, वय 6 वर्षे 1 महिना, दूरची सरासरी 2.7. कोन 25, पहिल्या दिवशी होता तेवढाच. थेंबांनंतर उजवा −0.50, डावा −0.25.

"म्हणजे दीड वर्ष फुकटच गेलं?" वडिलांनी विचारले.

या प्रश्नाला मी खोटी समजूत काढणारे उत्तर दिले नाही. चष्म्याने आजार बरा केलेला नाही, आणि 2.7 हा 3.3 पेक्षा बरा असला तरी तो फरक चष्म्यामुळे उरला की एरवीही पडला असता, हे एका मुलीवरून सांगता येत नाही. हाती काय आहे? एक वर्षभर, जेव्हा पकड सर्वांत ढिली होती तेव्हा, तिचे डोळे दिवसाचा बराच वेळ बरोबर चालले. शस्त्रक्रियेचा निर्णय साडेचारच्या वयात न घेता सहाव्या वर्षी, जास्त भरवशाच्या मोजमापांवर घेता येतोय. आणि दिले काय? दोन्ही डोळ्यांत एक डायॉप्टर. त्यातला थोडा तिच्या आईकडून येणारच होता. किती, ते कुणाला सांगता येणार नाही. नव्या कुटुंबाला हा चष्मा सुचवताना मी आता ही बेरीज-वजाबाकी आधीच कागदावर मांडते. आणि मुलाला आधीच मायनस असेल, किंवा आई-वडील दोघांनाही मोठा मायनस असेल, तर सहसा सुचवतच नाही. ज्यांना ठरावीक काळापुरता आधार हवा आहे, शस्त्रक्रिया थोडी पुढे ढकलायची आहे, आणि दर सहा महिन्यांनी थेंबांना यायची तयारी आहे, त्यांच्यासाठी तो माझ्या पेटीत राहतो.

ईराचे पुढे काय, हे त्या दिवशी असे ठरले. चार महिन्यांनी पुन्हा नियंत्रण, कोन आणि त्रिमितीय दृष्टी मोजायची. सरासरी 3 च्या वर जाऊन तिथेच राहिली, जवळच्या अंतरावरही डोळा सुटू लागला, किंवा त्रिमितीय दृष्टी घसरली तर शस्त्रक्रियेची बोलणी. तोवर चष्मा नाही. खरा नंबर −0.75 च्या पुढे गेला तर चष्मा लागेल, तो मात्र उसना नसेल.

निघताना मी ईराला सहज विचारले, डोळा गेला की तुला दोन-दोन दिसतं का? अशी मुले बहुधा नाहीच म्हणतात. बाहेर गेलेल्या डोळ्याचे चित्र मेंदू बाजूला टाकतो. तिनेही मान हलवली. मग म्हणाली, "दोन नाही दिसत. पण तो गेला की मला कळतं. मग मी असं करते." आणि तिने दोन्ही डोळे घट्ट मिटून उघडले.

चौथ्या वर्षी तिला हे कळत नव्हते. मी ते कागदावर नोंदवून घेतले.